सायकलची कायम सोय

जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या रेवाकिरण अपार्टमेंटमध्ये तिसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड लावून झाल्यावर श्रीरंगराव खानझोडे यांच्या लक्षात आलं, की घरातल्या प्रत्येक गोष्टीला जागा मिळाली आहे, फक्त सायकलला नाही. गव्हाची कोठी पलंगाखाली गेली होती. शिलाई मशीन देवघराखाली गेलं होतं, त्यामुळे देव थोडे उंचावले होते. मुलगा केतन नोकरीसाठी बंगळुरूला गेला तेव्हा मागे राहिलेली त्याची पुस्तकं खोक्यांतून कपाटावर चढली होती. फ्लॅट लहान होता. बिल्डर त्याला वन बीएचके म्हणत असे आणि श्रीरंगरावांच्या पत्नी हेमलताबाई 'एक खोली आणि तिची सावली' म्हणत.

यापूर्वी हा प्रश्न कधी उद्भवला नव्हता. श्रीरंगराव रांझी उपनगरातल्या सरकारी कारखान्यात तपासणी विभागात होते आणि इतकी वर्षं कारखान्याच्याच क्वार्टरमध्ये राहत होते. तिथे अंगणात पेरूचं झाड होतं. झाडाला सायकल टेकवली की काम संपलं. कारखान्याच्या फाटकाशी सायकल स्टँड होता. सायकल द्यायची, बिल्ला घ्यायचा, सुटी झाली की बिल्ला द्यायचा, सायकल घ्यायची. मग क्वार्टर मोडकळीला आल्याचं खात्याला समजलं, जे राहणाऱ्यांना पुष्कळ आधीपासून माहीत होतं, आणि सगळ्यांना आपापली व्यवस्था बघायला सांगण्यात आलं. फ्लॅट घेताना श्रीरंगरावांनी पाणी कधी येतं ते विचारलं, ऊन कुठून येतं ते विचारलं, शेजार कसा आहे ते विचारलं. सायकल कुठे राहील हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. पेरूचं झाड सगळीकडे असतंच, अशी त्यांची समजूत होती.

आता कोणी म्हणेल, रांझी काही जवळ नाही, माणसाने सरळ स्कूटर घ्यावी. हेमलताबाई म्हणतच होत्या. केतन दर फोनला म्हणत होता. पण श्रीरंगरावांचा हिशेब वेगळा होता. घरी हेमलताबाई त्यांना प्रश्न विचारत, कारखान्यात साहेब विचारत, फोनवर मुलगा विचारे. सायकलवर असताना मात्र त्यांना कोणी काही विचारत नसे. त्या वाटेवर ते गात. आवाज चांगला नव्हता, आणि मागून येणाऱ्या ट्रकवाल्याखेरीज तो कोणी ऐकलाही नव्हता. तेवढा वेळ ते मनापासून सुखी असत. ही गोष्ट त्यांनी कोणालाही सांगितली नव्हती, कारण सांगितली असती तर कोणीतरी काहीतरी विचारलं असतं.

सुरुवातीला त्यांनी सायकल खाली जिन्याखाली ठेवली. पहिल्याच आठवड्यात घंटी गेली. श्रीरंगरावांनी ते मनावर घेतलं नाही. घंटी वाजवून जबलपुरात कोणी बाजूला होतं असं नाही. मग सीट गेली. त्या दिवशी ते रांझीपर्यंत उभ्याने गेले आणि कारखान्यात दिवसभर बसून राहिले. संध्याकाळी नवी सीट बसवून घेतली आणि तसेच बडा फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन साखळी आणि कुलूप घेऊन आले. कुलूप असं दणदणीत होतं, की ते हँडलला अडकवलं तेव्हा सायकल एका बाजूला झुकली.

फाटकावरच्या चौकीदाराने कुलूप हातात घेऊन पाहिलं आणि मनापासून तारीफ केली. मग त्याने विचारलं, "ताला तो बढ़िया है, बाबूजी. पर बाँधोगे काहे से?"

प्रश्न रास्त होता. जिन्याचा कठडा हलत होता, त्याला बांधलं असतं तर चोराला कठडाही मिळाला असता. पाण्याच्या पाइपला बांधायला नळवाल्याने मनाई केली. विजेच्या खांबाला बांधायची श्रीरंगरावांना स्वतःलाच भीती वाटली. शेवटी चौकीदार म्हणाला, हे सगळं सचिवसाहेबांच्या अखत्यारीतलं काम आहे, आणि ते बरोबरच होतं.

सोसायटीचे सचिव पटेरियाजी एका सरकारी खात्यातून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्त झाल्यावर माणूस कार्यालयातून घरी येतो. पटेरियाजींच्या बाबतीत कार्यालयच घरी आलं होतं. बैठकीच्या खोलीत टेबल होतं, टेबलावर काच होती, काचेखाली निरनिराळ्या देवांच्या आणि अधिकाऱ्यांच्या तसबिरी होत्या. ते हिंदीत बोलत. इथे त्यांचं बोलणं बहुतेक मराठीत दिलं आहे, आणि जिथे त्यांचा शब्द मोलाचा आहे तिथे तो तसाच ठेवला आहे.

"पार्किंगमध्ये थोडी जागा पाहिजे होती," श्रीरंगराव म्हणाले.

"अवश्य. गाडीचा नंबर सांगा."

"नंबर नाही. सायकल आहे."

पटेरियाजींनी चष्मा काढला. "नंबर नाही म्हणजे गाडी नाही, खानझोडेजी. पार्किंग गाड्यांसाठी असतं."

"गाडी नाही तर मग काय आहे?"

"सामान. आणि सामायिक जागेत सामान ठेवायला मनाई आहे. तुम्ही ती जिन्याखाली ठेवता, ते मी इतके दिवस पाहून न पाहिल्यासारखं केलं. शेजारधर्म म्हणून."

"ठीक आहे. मग मी ती लिफ्टने वर घेऊन जातो."

"लिफ्टमध्ये वाहन नेता येत नाही."

"आत्ताच तर तुम्ही म्हणाले, ते सामान आहे."

"जमिनीवर सामान आहे," पटेरियाजी शांतपणे म्हणाले. "लिफ्टमध्ये आम्ही चाकं बघतो."

पटेरियाजी दुष्ट नव्हते, हे सांगायला हवं. उलट सायकल या विषयावर त्यांचं मन फार हळवं होतं. त्यांनी श्रीरंगरावांना चहा पाजला, आपले वडील सायकलनेच कचेरीत कसे जात ते सांगितलं, आणि आजकालच्या पोरांना दुधाची पिशवी आणायलाही मोटारसायकल लागते म्हणून हळहळ व्यक्त केली. मग कोपऱ्यावर धोब्याकडे कपडे टाकायचे होते म्हणून ते मोटारीने गेले.

श्रीरंगरावांनी सायकल खांद्यावर घेतली आणि जिन्याने तिसऱ्या मजल्यावर आणली. जिन्याबद्दल कुठलाच नियम सापडला नव्हता. दार हेमलताबाईंनी उघडलं.

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"दोन दिवस राहू दे. खाली सीट चोरतात."

"आणि इथे आपण कुठे बसायचं?"

सायकल सोफा आणि टीव्ही यांच्या मधोमध उभी राहिली, कारण दुसरीकडे कुठे ती मावतच नव्हती. हळूहळू घराने तिच्याशी जुळवून घेतलं. न्हाणीघराचं दार उघडायचं तर ती पुढे सरकवावी लागे आणि स्वयंपाकघरात जायचं तर मागे. हँडलवर टॉवेल वाळू लागले. मालिका बघताना हेमलताबाईंना नायिकेचं तोंड मागच्या चाकाच्या तारांमधून दिसे. श्रीरंगरावांना मात्र घरात बसल्या बसल्या आपली सायकल दिसते याचं बरं वाटत होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसू नये याची ते काळजी घेत होते.

पण संक्रांत आली. हेमलताबाईंनी नव्या घरात पहिलंच हळदीकुंकू ठेवलं होतं. मराठी महिला मंडळातल्या सगळ्या बायका आल्या आणि जागा मिळेल तशा सायकलभोवती बसल्या. विभावरीताई देवपुजारी यांची दृष्टी आता अधू झाली आहे. त्यांनी एकेका सवाशिणीला कुंकू लावत लावत पुढे येऊन हँडललाही लावलं, आणि वर "सुखी राहा गं" म्हणाल्या. बायका हसल्या. हेमलताबाईही हसल्या. बायका गेल्यावर त्यांनी वाणाची राहिलेली सुगडी आवरली, श्रीरंगरावांना समोर बसवलं आणि म्हणाल्या, "रविवारी सोसायटीची सभा आहे ना? तिथे जागा मागा. जागा मिळाली तं ठीक. नाही मिळाली तं सोमवारी मी कबाडीवाल्याला बोलावते."

"अगं, चांगली सायकल आहे."

"मी वाईट कुठे म्हटलं? माझ्या जाऊबाईसुद्धा चांगल्या आहेत. म्हणून काही मी त्यांना हॉलमध्ये उभं करत नाही."

म्हणजे सवाल आता सरळ झाला होता. रविवारी जागा, नाही तर सोमवारी भंगार. श्रीरंगरावांना त्या रात्री झोप लागली नाही.

सभा गच्चीवर झाली. विषयपत्रिकेवर 'यातायात' असा विषय होता. पटेरियाजींनी प्रस्तावना केली आणि मग जो तो सायकलबद्दल बोलू लागला. पहिल्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी सायकल हृदयाला किती चांगली ते सांगितलं. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ नुकतेच मुलीकडे परदेशी जाऊन आले होते. तिथे मोठमोठे साहेब सायकलने ऑफिसला जातात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पेट्रोल, प्रदूषण, गुडघे आणि संस्कार या सर्व अंगांनी चर्चा झाली. सायकलच्या विरोधात गच्चीवर एकही माणूस नव्हता. फक्त ती कुठे ठेवायची असा प्रश्न निघाला, की प्रत्येक जण शेजारच्याच्या गाडीकडे बघत होता.

चर्चा अशीच विरून जाणार असं दिसल्यावर श्रीरंगराव उठले. भाषण करायची त्यांना सवय नव्हती आणि डोळ्यांपुढे कबाडीवाला दिसत होता. ते घाईघाईने म्हणाले, "मेरा कहना इतनाच है, कि मेरी साइकिल कायम खड़ी रह सके, ऐसी एक सुरक्षित जगह दे दो."

इथे थोडं थांबायला हवं. श्रीरंगरावांचा जन्म जबलपूरचा. त्यांचं हिंदी उत्तम होतं. पण घाईत माणसाचा पाय घरच्या भाषेत घसरतो. आपण मराठीत 'हा कायम उशिरा येतो' म्हणतो, तेव्हा कायम म्हणजे नेहमी, रोज. श्रीरंगरावांच्या मनात तेच होतं: रोज यावं, रोज ठेवावी, रोज काढावी. हिंदीत मात्र कायम म्हणजे कायम. एकदा जे झालं ते झालं, पुन्हा हलणार नाही.

पटेरियाजींना तो शब्द ऐकताक्षणी आवडला. नोकरीत त्यांनी अस्थायी गोष्टींचा फार मनस्ताप सोसला होता. "कायम," त्यांनी तोंडात घोळवत म्हटलं. "बहुत सही शब्द है. तो प्रस्ताव यह है कि खानझोडेजी की साइकिल कायम खड़ी रहे. किसी को आपत्ति?" कोणालाच नव्हती. सगळे हात वर झाले. लगोलग अंमलबजावणीसाठी एक यातायात समिती स्थापन झाली, आणि सायकल असलेले एकमेव सदस्य म्हणून श्रीरंगरावांना तिचं अध्यक्ष करण्यात आलं.

घरी येऊन त्यांनी मोठ्या आनंदाने ही बातमी सांगितली. हेमलताबाईंनी पोळी लाटता लाटता ऐकून घेतलं. "हिंदीत यातायात म्हणजे रहदारी," त्या म्हणाल्या. "आपल्या घरी म्हणजे दगदग. तुम्हाला कोणत्या यातायातीचं अध्यक्ष केलं, ते विचारलं का?"

सोमवारी कबाडीवाला आला आणि परत गेला. त्याच आठवड्यात पटेरियाजींना कुठूनसं कळलं, की शहरातल्या एका संस्थेने हरित निवास स्पर्धा जाहीर केली आहे आणि सायकलला प्रोत्साहन देणाऱ्या वसाहतीला तीत जास्त गुण आहेत. मग एकदम सगळी चक्रं फिरली. इतके दिवस जी जागा कोणाला दिसत नव्हती ती फाटकाच्या आत उजव्या हाताला, फुलझाडांच्या वाफ्यापाशी, सर्वांना एकाच वेळी दिसली. पटेरियाजी स्वतः तिसरा मजला चढून आले.

"सायकल थोडे दिवस आमच्या ताब्यात द्या. रंग करतो, सगळं ठाकठीक करतो. मग बघा कशी मजबूत व्यवस्था होते ती."

श्रीरंगरावांनी सायकल खाली नेऊन दिली. जाताना हँडलवरचं हळदीकुंकू त्यांनी पुसलं नाही. तेवढे दिवस ते बसने रांझीला गेले. बसमध्ये शेजारी बसलेला माणूस विचारत होता, कुठे काम करता, किती मुलं, गाव कोणतं, मराठी वाटता, मग इथे कसे. श्रीरंगराव उत्तरं देत होते आणि मनात म्हणत होते, थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.

शनिवारी ते कामावरून आले, तेव्हा फाटकापाशी गर्दी होती. वाफ्याच्या जागी सिमेंटचा ओटा झाला होता. ओट्यावर सायकल उभी होती. ती नखशिखांत हिरवी होती. टायर हिरवे, साखळी हिरवी, तारासुद्धा हिरव्या. पुढे टोपलीत झेंडूची रोपं होती, मागे कॅरिअरवर तुळस होती, आणि सीटच्या जागी एक कुंडी बसवली होती. दोन्ही चाकं अर्ध्यापर्यंत सिमेंटमध्ये गेली होती. भोवती छोटंसं कुंपण होतं आणि त्याच्यावर 'कृपया स्पर्श न करें' अशी पाटी होती. काही मंडळी सायकलसोबत फोटो काढून घेत होती.

श्रीरंगरावांनी एकदा ओट्याला प्रदक्षिणा घातली. मग त्यांनी पटेरियाजींना बाजूला नेलं.

"ही निघणार कशी?"

"निघेल कशाला?" पटेरियाजींना खरोखरच कळेना. "तुम्हीच तर म्हणालात, कायम."

"कायम म्हणजे रोज हो, भैया. आमच्यात कायम म्हणजे रोज."

"रोज को तो हिंदी में भी रोज ही कहते हैं, खानझोडेजी."

पटेरियाजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तुम्ही सुरक्षितही म्हणाला होता. आता सांगा, आहे का चोराची हिंमत?" हे मात्र कोणालाही मान्य करावं लागलं असतं. इतकी सुरक्षित सायकल जबलपुरात दुसरी नव्हती. चोर तिला नेऊ शकत नव्हता, पाऊस तिला गंजवू शकत नव्हता, आणि मालक तिच्यावर बसू शकत नव्हता.

वर गेल्यावर हेमलताबाईंनी सगळं ऐकलं. या वेळी त्यांनी चेष्टा केली नाही. "हमेशा म्हणायचं होतं तं कायम काहून म्हणाले?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता चहाचं आधण ठेवलं.

श्रीरंगरावांनी प्रयत्न केला नाही असं नाही. त्यांनी रीतसर मागणी केली की सायकल मोकळी करावी. पटेरियाजी म्हणाले, अवश्य, हा विषय यातायात समितीचा आहे. यातायात समितीचे अध्यक्ष श्रीरंगरावच असल्यामुळे मागणी त्यांच्याकडेच आली. त्यांनी ती मान्य केली आणि कार्यवाहीसाठी सचिवांकडे पाठवली. सचिवांनी कळवलं, की आधी ही वस्तू जमिनीवर सामान होती आणि लिफ्टमध्ये वाहन, त्यामुळे वर्गवारीची अडचण होती. परंतु आता ती जमिनीला पक्की जोडलेली असल्याने स्थावर मालमत्ता झाली आहे आणि स्थावर मालमत्ता हलवायला सर्व रहिवाशांची संमती लागते. रहिवाशांची संमती मागायला श्रीरंगराव दारोदार गेले. प्रत्येकाने त्यांना आत बोलावलं, चहा दिला आणि मोबाईलमध्ये सायकलसोबत काढलेला आपला फोटो दाखवला.

स्पर्धेत रेवाकिरणचा पहिला नंबर आला. बक्षीस समारंभाला इतक्या मोटारी आल्या, की गोरखपूर बाजारापर्यंत रांग लागली आणि यातायात पोलिसांना यावं लागलं. फीत कापायचा मान अर्थातच श्रीरंगरावांना होता. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, माईक हातात आला. श्रीरंगरावांनी मनाशी ठरवलं होतं, की आज सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकायचं. पण समोर सगळी मंडळी त्यांच्याकडे आदराने बघत होती, पहिल्या रांगेत हेमलताबाई नवी साडी नेसून बसल्या होत्या, आणि केतनने बंगळुरूहून व्हिडिओ कॉल लावला होता. श्रीरंगरावांनी सायकलचे फायदे सांगितले. भाषण चांगलं झालं. टाळ्या वाजल्या तेव्हा त्यांना लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर छाती थोडी फुगली.

लाज नंतर वाटली. मंडप निघाल्यावर ते कुंपणापाशी उभे राहिले आणि कोणी बघत नाहीसं पाहून त्यांनी हात आत घालून हँडलला लावला. रंगाचा जाड थर बोटांना लागला. ब्रेक दाबून पाहिला, तो दबला नाही. त्यांना फार वाईट वाटलं. आपली वस्तू हरवली तर माणूस शोधतो, मोडली तर दुरुस्त करतो. ही तर धडधाकट समोर उभी होती आणि तिच्याबद्दल सगळे आपलं अभिनंदन करत होते. दुसऱ्या दिवशी बसमध्ये त्यांनी गुणगुणून पाहिलं. शेजारच्याने लगेच विचारलं, "कुछ कहा आपने?"

बसचं काही खरं नव्हतं. पावसाळ्याआधी श्रीरंगरावांनी विजेवर चालणारी स्कूटी घेतली. हेमलताबाई खूश झाल्या, केतन खूश झाला. पटेरियाजी तर स्वतः खाली उतरून आले, त्यांनी मागे जाऊन नंबरप्लेट वाचली आणि दोन मिनिटांत जागा दिली. जिन्याखाली कोपऱ्यात, अगदी भिंतीलगत, चार्जिंगच्या प्लगसह. ही जागा कधीपासून होती, असं श्रीरंगरावांनी विचारलं. "गाडीसाठी तर नेहमीच असते," पटेरियाजी म्हणाले. स्कूटी आवाज करत नसे. तिच्यावरून जाताना गाता आलं असतं. पण हेल्मेटच्या आत आपला आवाज आपल्यालाच इतका ऐकू येई, की श्रीरंगरावांनी तो नाद सोडला.

श्रावणात तिसऱ्या मजल्यावर नवी भाडेकरू आली. एका रविवारी श्रीरंगराव फडक्याने स्कूटी पुसत होते, तेव्हा ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात सायकल होती. जुनीच होती, पण नीट ठेवलेली.

"काका, नमस्ते. मी प्रणोती. रेल्वेच्या ऑफिसात नवीन लागली. सगळे म्हणून राहिले, सायकलचं काही असलं तं खानझोडे काकांना भेट."

"बस कर, बस कर, पाया नको पडू. कुठली तू?"

"आमगावची. काका, ही कुठे ठेवू? तिकडे फाटकाबाहेर ठेवली तं काल कोणीतरी हवा काढली. मी हिच्यावरच जाते ऑफिसला. सकाळी इतकं बरं वाटते ना, की काय सांगू."

श्रीरंगरावांना ते सांगायची गरज नव्हती. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग सायकलकडे, मग जिन्याखालच्या कोपऱ्याकडे. स्कूटी वीतभर डावीकडे घेतली असती, तर भिंतीच्या बाजूला एक सायकल आरामात राहिली असती. त्यांनी हात हँडलवर ठेवलासुद्धा. मग त्यांच्या मनात आलं, की पोरीचं पेडल स्कूटीला घासेल. नवा रंग आहे. शिवाय आज हिला जागा दिली, तर उद्या आणखी कोणी सायकल घेऊन येईल. शिवाय स्पर्धावाल्यांनी सांगितलं आहे, की ओट्याच्या परिसरात दुसरं काही दिसता कामा नये, आणि इथून ओटा दिसतो. शिवाय अध्यक्ष म्हणून आपल्यावर जबाबदारी आहे. कारणं एकाहून एक चांगली निघत होती आणि एकही खोटं नव्हतं.

"बेटा, सायकल म्हणजे तं फार उत्तम गोष्ट," श्रीरंगराव म्हणाले. "सोडू नको कधी. जागेचं मी समितीसमोर ठेवतो. तोवर वर घेऊन जा. लिफ्टने नको, जिन्याने. सांभाळून चढ."

"थँक यू, काका," प्रणोती म्हणाली, आणि ती मनापासून म्हणाली. तिने सायकल खांद्यावर उचलली. ती वळणापर्यंत चढून जाईपर्यंत श्रीरंगराव फडकं हातात धरून बघत राहिले. मग त्यांनी स्कूटीचा राहिलेला आरसा पुसला.

तुम्ही त्यांच्या जागी असता, तर वीतभर सरकला असता, याबद्दल कोणालाच शंका नाही. म्हणून फक्त विचारून ठेवतो. तुमच्या इमारतीतली प्रणोती कोणत्या मजल्यावर राहते? आठवत नसेल तर हरकत नाही. परवा जिन्यात खांद्यावर सायकल घेऊन जी वर येत होती आणि जिच्यासाठी तुम्हाला भिंतीला चिकटून उभं राहावं लागलं, ती. तिने सॉरी म्हटलं होतं. तुम्ही आठ्या घालून म्हणालात, "खाली ठेवायला काय होतं?" आणि गाडीची किल्ली शोधत खाली गेलात.